पाणी कोणी आणलं? दोन मुलांचं कोडं सोडवायची माझी रीत

पुतणीच्या तिसऱ्या मुलीचं बारसं होतं. पाळणा म्हणून झाला, नाव कानात सांगून झालं, घुगऱ्यांचे द्रोण फिरायला लागले आणि आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "सलग तीन मुली झाल्या. आता चौथा मुलगाच, लिहून ठेव." पुतणी काही बोलली नाही, द्रोण पुढे सरकवत राहिली. मी कऱ्हाडला एका ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं गणित शिकवलं आहे. असलं काही कानावर पडलं की मला राहवत नाही. पण तोंडात घुगऱ्या होत्या, आणि बारशात हिशोब मांडणारी बाई कुणालाच नको असते. म्हणून तो इथे मांडते.

साहित्य एवढंच: चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि पाच रुपयांचं एक नाणं. पितळी रंगाचं जाड नाणं मिळालं तर बरं, उडवायला हाताला सापडतं. कॅल्क्युलेटर नको. सूत्रही नको, निदान सुरुवातीला तरी नको. अकरावीला सशर्त संभाव्यता, म्हणजे काही कळल्यानंतरची शक्यता, शिकवताना फळ्यावर सूत्र आधी लिहिलं की मुलं भागाकार करायला धावतात, आणि कशाला कशाने भागायचं ते शेजारच्याच्या वहीत बघतात. विज्ञान शाखेत हे सगळं इंग्रजीतून चालतं, त्यामुळे 'गिव्हन दॅट' हे दोन शब्द मंत्रासारखे म्हटले जातात आणि अर्थ बाहेरच राहतो. मी त्यांना मराठीत म्हणायला लावायचे: 'एवढं कळलं आहे, तर...' आणि लगेच विचारायचे, "कळलं ते कसं कळलं?" हा प्रश्न नीट लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

आधी आत्याबाईंचं निकालात काढू, ते सोपं आहे. छापा म्हणजे मुलगी, काटा म्हणजे मुलगा असं धरा आणि नाणं दोनशे वेळा उडवा. होय, दोनशे. मालिका बघता बघता होतं. एका ओळीत छा, का, का, छा असं लिहीत जा. मग जिथे ओळीने तीन छापे आले असतील तिथे खूण करा आणि लगेच पुढचं अक्षर बघा. दोनशेत अशा पंचवीसेक जागा सापडतात. त्यातल्या साधारण निम्म्यांपुढे काटा असतो आणि निम्म्यांपुढे पुन्हा छापाच. तीन छापे पडले म्हणून नाण्याला काट्याची ओढ लागत नाही. पोटातल्या बाळालाही आधीच्या बाळंतपणांची यादी कुणी वाचून दाखवत नाही.

आत्याबाईंची गल्लत मात्र मूर्खपणाची नाही. पुतणीच्या लग्नात कुणी विचारलं असतं, की हिला चार मुलं झाली तर चारही मुलीच होतील का, तर उत्तर होतं सोळात एक. चार जागा, प्रत्येक जागी दोन शक्यता, म्हणजे सोळा तऱ्हांची घरं, आणि त्यात सगळ्या मुलींचं एकच घर. ते क्वचित होतं हे आत्याबाईंना अंदाजाने ठाऊक आहे. पण आता तिसरी पाळण्यात आहे. ज्या घरांत पहिल्या तिघांत एखादा तरी मुलगा आहे अशी चौदा घरं खोडून टाका. दोन उरतात: तीन मुलींवर मुलगा, आणि तीन मुलींवर मुलगी. दोनात एक. आत्याबाई खोडलेल्या घरांनाही पंगतीत बसवतात, एवढाच फरक.

हे खोडणं म्हणजेच सशर्त संभाव्यता. काही कळलं, की न जुळणारी घरं खोडायची आणि उरलेल्यांतच मोजायचं. पाठ्यपुस्तकातलं सूत्र याहून वेगळं काही सांगत नाही.

आता खरं कोडं घेऊ. एका घरात दोन मुलं आहेत. त्यातली निदान एक मुलगी आहे. तर दोघीही मुली असण्याची संभाव्यता किती?

हे कोडं जुनं आहे. गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी १९५९ साली सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात ते घातलं होतं. तिथे मुलीऐवजी मुलगा होता. उत्तर दिलं होतं तीनात एक. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं की प्रश्नच अर्धवट विचारला गेला होता. चूक मान्य करणाऱ्या लेखकाबद्दल मला आदर वाटतो, पण इथे चूक नेमकी कुठे होती ते बघणं जास्त कामाचं आहे.

वहीत दहा बाय दहाच्या शंभर चौकटी आखा. एक चौकट म्हणजे दोन मुलांचं एक घर. थोरल्याचं अक्षर आधी, धाकट्याचं नंतर. 'मु' लिहून भागणार नाही, कारण दोन्ही शब्द मु नेच सुरू होतात. म्हणून शेवटचं अक्षर घ्या: मुलीसाठी ली, मुलासाठी गा. पंचवीस चौकटींत लीली, पंचवीसांत लीगा, पंचवीसांत गाली, पंचवीसांत गागा. 'गाली'वर वर्ग हसतो. हसू द्यावं, तेवढीच ती चौकट लक्षात राहते.

कारण याच चौकटीवर निम्मी मुलं अडतात. "मॅडम, लीगा आणि गाली एकच की. एक मुलगा, एक मुलगी." मग ते तीनच प्रकार धरतात आणि प्रत्येकाला तीनात एक देऊन मोकळे होतात. त्यांना मी सांगायचे, ताई आणि धाकटा भाऊ असलेलं घर वेगळं, दादा आणि धाकटी बहीण असलेलं घर वेगळं. तुमच्याच घरी कपडे कुणाचे कुणाला उतरतात ते आठवा. पटलं नाही तर दोन नाणी, एक पाचाचं आणि एक दोनाचं, शंभर वेळा एकत्र उडवायची. एक छापा एक काटा असा निकाल दोन छाप्यांच्या साधारण दुप्पट वेळा पडतो. यावर वाद घालायचा नाही, उडवायचं.

आता खोडा. 'थोरली मुलगी आहे' असं कळलं तर गाली आणि गागा गेले. पन्नास घरं उरली, त्यात लीली पंचवीस. निम्मी. 'निदान एक मुलगी आहे' असं कळलं तर फक्त गागा गेले. पंचाहत्तर उरली, त्यात लीली पंचवीस. तीनात एक.

बरेच शिकवणारे इथे खडू ठेवतात. मीही पहिली काही वर्षं ठेवत होते. ते चुकतं हे मला २०११ साली रस्त्यावर कळलं.

त्या वर्षी जनगणनेत मला प्रगणकाचं काम लागलं. फेब्रुवारी महिना, पण कऱ्हाडचं दुपारचं ऊन फेब्रुवारीतच चटके द्यायला लागतं. घरोघरी जायचं, ओसरीवर टेकायचं, कागद काढायचे. कागद निघेपर्यंत आतून पाणी यायचं. तांब्या आणि वर उपडं भांडं. पाणी कोण आणतं हे मी पहिल्या दिवशी पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं की मुलगी घरात असेल तर पाणी तीच आणते. भाऊ तिथेच टीव्हीपुढे लोळत असतो, पण हाक तिला जाते.

आता असं धरा की घरात दोन मुलं आहेत एवढं तुम्हाला आधीच कळलं आहे, आणि एका मुलीने पाणी आणून दिलं. म्हणजे निदान एक मुलगी आहे. दुसरीही मुलगीच असेल का?

त्या गल्लीत कुणी जवळ असेल त्याला हाक मारायची पद्धत असेल, तर लीलीच्या पंचवीसही घरांत पाणी मुलगी आणणार. लीगा आणि गाली मिळून पन्नास घरं, त्यांतल्या पंचवीस घरांत मुलगी आणेल, पंचवीसांत मुलगा. म्हणजे मुलीने पाणी आणलं अशी घरं एकूण पन्नास, त्यात लीली पंचवीस. निम्मी.

गल्लीत पाणी मुलीनेच आणायचं असा रिवाज असेल, तर लीलीची पंचवीस आणि मिश्र पन्नासच्या पन्नास घरांतून मुलगीच बाहेर येणार. पंचाहत्तरात पंचवीस. तीनात एक.

आणि तिसरी तऱ्हा. पाणी बाजूला ठेवा, वडील बोलतायत. "आमचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे" हे वाक्य मी त्या महिन्यात किती दारांत ऐकलं याची गणती नाही. मुलगा असलेला प्रत्येक बाप आधी मुलाचंच नाव काढतो असं धरलं, तर ज्याने आपणहून मुलीचं नाव आधी काढलं त्याच्या घरी मुलगा नाहीच. मग दोघीही मुली असण्याची संभाव्यता शंभर टक्के.

तिन्ही वेळा तुम्हाला कळलेली गोष्ट एकच, 'एक तर मुलगी आहे'. उत्तरं मात्र तीन: निम्मं, तीनात एक, आणि पक्कं. गार्डनर यांच्या प्रश्नात काय राहिलं होतं ते आता दिसेल. कळलं काय हे सांगितलं होतं, कसं कळलं ते सांगितलं नव्हतं.

तेव्हा रीत अशी. नुसतं खोडू नका. प्रत्येक चौकटीसमोर उभं राहून स्वतःला विचारा: हे घर असतं तर मला ही गोष्ट अशीच कळली असती का? नेहमीच कळली असती तर चौकट तशीच ठेवा. कधी कळली असती, कधी नसती, तर तेवढा भाग ठेवा, म्हणजे अर्धी चौकट रेघांनी भरा. कधीच कळली नसती तर खोडा. मग जे शिल्लक राहिलं त्यात मोजा. पुढे बेजचा सिद्धांत शिकाल तेव्हा त्यात हेच अर्धं-पाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल.

याच रीतीने मंगळवारचं कोडंही उलगडतं. २०१० साली अटलांटाला गार्डनर यांच्या नावाने भरणाऱ्या मेळाव्यात गॅरी फोशी यांनी ते घातलं होतं: मला दोन मुलं, त्यातला एक मंगळवारी जन्मलेला मुलगा, तर दोन्ही मुलगे असण्याची संभाव्यता किती? वारामुळे काय फरक पडणार असं वाटतं. आपण मुलगी घेऊ. चौदा बाय चौदाची जाळी आखा: सात वारांच्या मुली आणि सात वारांचे मुलगे, आडवं थोरलं, उभं धाकटं. 'मंगळवारची मुलगी' ही एक आडवी ओळ आणि एक उभी ओळ. चौदा अधिक चौदा, मधली चौकट दोनदा मोजली म्हणून एक वजा. सत्तावीस. त्यात दोन्ही मुलींच्या चौकटी सात अधिक सात वजा एक, तेरा. उत्तर २७ पैकी १३, जवळजवळ निम्मं. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा तुम्ही आधीच ठरवून विचारलंत की 'मंगळवारी जन्मलेली मुलगी आहे का?' आणि समोरच्याने 'हो' म्हटलं. तुम्ही मुलीबद्दल विचारलं आणि आईने सहज बोलता बोलता तिचा वार सांगितला, तर मंगळवार असो की शनिवार, उत्तर पुन्हा तीनात एकवर येतं. वाराने काहीच केलं नाही, विचारण्याच्या पद्धतीने केलं.

(जुळी या हिशोबातून बाहेर ठेवा. एकाच बीजापासून झालेली जुळी एकाच लिंगाची असतात, तिथे दुसरं नाणं उडतच नाही.)

जनगणनेनंतर मी वर्गात एक प्रयोग सुरू केला, आणि त्याने मला पुन्हा एकदा तोंडावर पाडलं. आधी कागदावर बघा. पालक सभेत म्हणायचं, "ज्यांना दोनच मुलं आहेत आणि त्यांत निदान एक मुलगी आहे, त्यांनी हात वर करा. आता ज्यांच्या दोघीही मुली आहेत त्यांनीच हात वर ठेवा." एक तृतीयांश हात वर राहायला हवेत, पंचाहत्तरात पंचवीस. आता हाच प्रश्न वर्गातल्या मुलींना विचारायचा: "ज्या दोन भावंडांपैकी एक आहेत त्यांनी हात वर करा. ज्यांना बहीण आहे त्यांनी वर ठेवा." शंभर घरांत मुली किती? लीलीच्या पंचवीस घरांत पन्नास, मिश्र पन्नास घरांत पन्नास. म्हणजे बहीण असलेल्या आणि भाऊ असलेल्या मुली सारख्याच. निम्मे हात वर राहायला हवेत. घरं तीच, पण पालकांना विचारलं तर तीनात एक आणि मुलींना विचारलं तर दोनात एक, कारण लीलीचं घर पालकांच्या रांगेत एकदा येतं आणि मुलींच्या रांगेत दोनदा.

हे मी मोठ्या उत्साहाने वर्गात केलं. निम्मे हात राहिलेच नाहीत. बहिणीचे हात भावाच्या हातांच्या निम्मेही नव्हते. दुसऱ्या वर्षी तेच. मला वाटलं मुली लाजतायत. मग कागदाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या, तरी तेच. आणखी एक लक्षात आलं, की चिठ्ठ्यांवरचा भाऊ बहुतेक ठिकाणी धाकटा होता.

मी चौकटी आखताना एक गोष्ट गृहीत धरली होती: लोक दोन मुलांवर थांबतात ते ती कोण आहेत हे न बघता. आमच्या भागात हे गृहीत धरणं म्हणजे डोळे मिटणं. माझ्या हजेरीपटावर 'नकुसा' नावाची मुलगी असायची, एखाद्या वर्षी दोन. तिसरी-चौथी मुलगी झाली की असं नाव ठेवायचं, म्हणजे पुढे मुलगा होतो. २०११ मध्ये आमच्या सातारा जिल्ह्यात अशा मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली, तेव्हा कुठे ही गोष्ट बाहेर बातमी झाली.

म्हणून आता वही उलटा आणि नवं पान घ्या. ऐंशी घरांचं एक गाव. नियम असा: मुलगा होईपर्यंत पाळणा हलता ठेवायचा, पण तिसऱ्यानंतर काही झालं तरी थांबायचं. नाण्याने करून बघायचं असेल तर काटा पडेपर्यंत उडवा, जास्तीत जास्त तीनदा, आणि असं ऐंशी वेळा. मी कागदावर सांगते.

पहिल्या खेपेला चाळीस घरांत मुलगा. ती थांबली. चाळीस घरांत मुलगी, ती पुढे गेली. दुसऱ्या खेपेला त्यातल्या वीस घरांत मुलगा, थांबली. वीस पुढे गेली. तिसऱ्या खेपेला दहा घरांत मुलगा, दहांत तिसरीही मुलगी.

आता या गावात गार्डनरचा प्रश्न विचारा. दोन मुलांची घरं किती? वीस. सगळीच्या सगळी लीगा. लीली एकही नाही, कारण लीली झाली की ते घर थांबतच नाही. 'दोन मुलं, निदान एक मुलगी' असं कळलं तर दुसरा मुलगाच, आणि तोही धाकटा. दोघी मुली असण्याची संभाव्यता शून्य. मघाच्या तीन उत्तरांत हे चौथं. माझ्या वर्गातले हात कुठे गेले होते ते मला या पानावर सापडलं. खरं गाव एवढं काटेकोर नसतं, पण कल तोच.

आणखी मोजा. चाळीस मुलगे एकुलते एक. मुलगी एकुलती एक, एकही नाही. प्रत्येक मुलाला सरासरी किती भावंडं? चाळिसांना शून्य, विसांना एक, दहांना दोन. बेरीज चाळीस, मुलगे सत्तर, म्हणजे अर्ध्याहून थोडं जास्त. मुलींचं बघा: दोन मुलांच्या घरांतल्या वीस जणींना एकेक भावंड, तीन मुलांच्या घरांतल्या पन्नास जणींना दोन-दोन. बेरीज एकशे वीस, मुली सत्तर, म्हणजे पावणेदोनच्या जवळ. त्याच गावात, त्याच पगारात, मुलगी जास्त माणसांच्या घरात वाढते. दूध कुणाच्या वाट्याला किती येतं हा हिशोब वेगळा मांडायला नको.

पण वरच्या दोन ओळींत एक आकडा निसटला असेल. मुलगे सत्तर, मुली सत्तर. मुलगा झाला की थांबायचं असा नियम अख्ख्या गावाने पाळला, तरी गावातलं मुला-मुलींचं प्रमाण तसूभर हललं नाही. वर्गात हे कुणाला पटत नाही. "मॅडम, सगळे मुलासाठीच थांबलेत, मग मुलगे जास्त नकोत?" नकोत. प्रत्येक खेपेला नाणं नव्याने उडतं. पहिल्या खेपेला चाळीस-चाळीस, दुसऱ्या खेपेला वीस-वीस, तिसऱ्या खेपेला दहा-दहा. कुणी कधी उठून गेलं याने पडलेले छापे-काटे बदलत नाहीत. घरांची ठेवण बदलते, एकूण बेरीज नाही.

ही ठेवण देशाच्या पातळीवर दिसते. केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालाचं मुखपृष्ठ गुलाबी होतं, आणि त्यात शेवटच्या अपत्याचं लिंग-प्रमाण काढलं होतं. पहिलंच मूल शेवटचं ठरलं अशा घरांत एका मुलीमागे १.८२ मुलगे. निसर्गाच्या हिशोबाने १.०५ हवेत. थांबणाऱ्यांच्या रांगेत बघितलं की थांबण्याचं कारण दिसतं.

निसर्गाचा हिशोब म्हणाले, तर नाणं पूर्ण समतोल नाही हेही सांगून टाकते. इंग्लंडमध्ये जॉन आर्बथनॉट यांनी १७१० साली लंडनच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी तपासल्या: सलग ८२ वर्षं, दर वर्षी मुलगे जास्त. पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी पॅरिसच्या १७४५ ते १७७० या काळातल्या नोंदी घेतल्या, २,५१,५२७ मुलगे आणि २,४१,९४५ मुली. जगभर साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. हे धरून शंभर घरांचं पान पुन्हा आखलंत, तर 'निदान एक मुलगी'चं उत्तर शंभरात ३३ ऐवजी ३२ येतं. कोड्यासाठी एवढ्याने काही अडत नाही.

मोजणीसाठी मात्र अडतं. शंभराला एकशे पाच म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशे मुली. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हा आकडा १९९१च्या जनगणनेत ९४६ होता, २००१ मध्ये ९१३, आणि ज्या जनगणनेत मी पाणी पीत फिरले त्या २०११ मध्ये ८९४. मुलगा झाल्यावर थांबण्याने हा आकडा खाली जाऊच शकत नाही, ते आपण ऐंशी घरांत मोजून पाहिलं. म्हणजे नाणं हवेत असतानाच कुणीतरी हात घालत होतं. गर्भलिंग तपासणीला लगाम घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला, केंद्राचा १९९४ चा. सोनोग्राफीच्या दारावर पाटी असते ती त्यामुळे.

हात कोणत्या खेपेला घातला जातो तेही सशर्त संभाव्यतेनेच कळतं. १९९८ साली देशभरातल्या अकरा लाख घरांची पाहणी झाली होती, तिच्यावरचा अभ्यास २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात दुसऱ्या अपत्याचा आकडा पहिल्या अपत्यावरून वेगळा काढला होता. पहिली मुलगी असेल, तर दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे ७५९ मुली. पहिल्या दोन्ही मुली असतील, तर तिसऱ्या खेपेला ७१९. आणि आधीचा मुलगा असेल तर तूट नावालाही नाही, मुली हजाराच्या वरच. सगळ्या घरांची एकत्र सरासरी काढली असती तर यातलं निम्मं लपलं असतं. अट घातली, चौकटी वेगळ्या केल्या, आणि दिसलं.

७१९ चा आकडा जरा फिरवून बघा. हजार मुलगे आणि ७१९ मुली, एकूण १७१९, त्यात मुलगे ५८ टक्के. म्हणजे दोन मुलींवर पुढचा मुलगाच, हे आत्याबाईंच्या पद्धतीचं भाकीत त्या पाहणीत माझ्या नाण्यापेक्षा जास्त वेळा खरं ठरलं असतं.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही. बारशाहून निघताना पाळण्यात पाच रुपयांचं ते नाणं ठेवलं, छापा वर करून.